चित्रालाही पाया लागतो

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केला, त्यांना आठवडी बाजाराचा दिवस म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. एरवी ओस असलेल्या मैदानावर त्या दिवशी सकाळपासून गाड्या येऊ लागतात, पाले उभी राहतात. मीठ, मिरची, कापड, बांगड्या, भांडी यांची दुकाने मांडली जातात. रानवाटांनी माणसे उतरतात आणि दुपारपर्यंत सारे मैदान रंगांनी भरून जाते. सायंकाळी पुन्हा तीच झाडी आणि तोच अंधार. व्यापाऱ्याच्या लेखी तो विक्रीचा दिवस. परंतु अशाच एका जंगलात वाढलेल्या एका मुलाने बाजाराच्या दिवशी रंग पाहिले आणि जन्मभर ते विसरले नाहीत.

त्या मुलाचे नाव सय्यद हैदर रझा. विसाव्या शतकातील श्रेष्ठ भारतीय चित्रकारांत त्यांची गणना होते. त्यांच्या तरुणपणी एका पाहुण्या कलावंताने त्यांची चित्रे पाहिली आणि त्यांत काय उणे आहे, ते मोजक्या शब्दांत सांगितले. त्या भेटीने रझांच्या आयुष्याची दिशा बदलली. मुलांना कलेची ओढ लागली की चिंतेत पडणाऱ्या आणि मुलांचे कौतुक करण्यात रमणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या पालकांनी ही हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

जंगलातील बालपण

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया या खेड्यात झाला. वडील सय्यद मोहम्मद रझी हे वनखात्यात डेप्युटी रेंजर होते. मंडला आज मध्य प्रदेशात असले, तरी त्या काळी मंडला आणि चांदा हे एकाच मध्य प्रांताचे जिल्हे होते आणि दोहोंची राजधानी नागपूर होती. आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्या जुन्या चांदा जिल्ह्यात सामावलेले होते. गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. त्याही पूर्वी चांद्याला आणि गढा-मंडल्याला गोंड राजांची राज्ये नांदली. साग, बांबू, मोह, तेंदू यांची झाडी, पाड्यापाड्यांवरील गोंड वस्ती आणि रात्री दुरून ऐकू येणारा ढोल, हे दोन्हीकडचे जीवन एकमेकांच्या ओळखीचे होते.

या बालपणाविषयी रझा पुढे अनेकदा बोलले. जंगलातील रात्र त्यांना भयाण वाटे. त्या अंधारात गोंडांचे नृत्य तेवढे माणसांच्या सोबतीचा धीर देई. उजाडले की जीवात जीव येई, आणि बाजाराच्या दिवशी लख्ख उन्हात सारे गाव रंगांनी उजळून निघे. काळोखाची भीती आणि उजेडातील रंगांचा आनंद या दोन अनुभवांचे धागे त्यांच्या पुढील चित्रांतून शेवटपर्यंत दिसतात.

शाळेत मात्र या मुलाचे चित्त लागत नसे. ककैया येथील प्राथमिक शाळेतील शिक्षक नंदलाल झारिया यांनी एके दिवशी त्याला थांबवून घेतले, भिंतीवर एक ठिपका काढला आणि इतर सर्व विसरून त्या ठिपक्याकडे पाहत राहण्यास सांगितले. मुलाला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही, पण चंचल मन हळूहळू एका जागी थांबले. हा ठिपका रझांच्या आयुष्यात कित्येक वर्षांनी पुन्हा आला. त्याची कथा पुढे येईलच.

नागपूर, मुंबई आणि दोन पदके

तेराव्या वर्षी रझा दमोहला माध्यमिक शिक्षणासाठी गेले. तेथून १९३९ साली ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये आले आणि १९४३ पर्यंत तेथे शिकले. बापूराव आठवले यांच्यासारखे निष्ठावान कलाशिक्षक त्यांना तेथे लाभले. विदर्भातील वनप्रदेशातून आलेल्या कितीतरी मुलांना चित्रकलेचा पहिला शास्त्रशुद्ध धडा नागपूरनेच दिला आहे. पुढे रझांचे सहकारी झालेले हरी अंबादास गाडे हेही विदर्भाचेच. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथला.

नागपूरहून रझा मुंबईला गेले. सर ज. जी. कला विद्यालयातील शिक्षण आणि छपाईचे ब्लॉक तयार करणाऱ्या स्टुडिओतील नोकरी, अशी दुहेरी ओढाताण त्यांनी सोसली. कामावरून सुटल्यावर ते मुंबईचे रस्ते, पावसात भिजलेल्या इमारती आणि चौकांतील गर्दी जलरंगांत उतरवीत. रंग त्यांच्या हाताशी सहज येत. १९४६ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक त्यांना मिळाले आणि १९४८ साली सुवर्णपदक. १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना केली. वयाच्या सव्विसाव्या वर्षी एका खेड्यातील मुलाच्या पदरी एवढे यश आले होते.

पण हीच दोन वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण होती. १९४७ साली आई गेली आणि १९४८ साली वडील. देशाची फाळणी झाली. भावंडे एकामागून एक पाकिस्तानात निघून गेली आणि पत्नीही तिकडे गेली. रझा मात्र भारतातच राहिले. लहानपणी मंडल्याला गांधीजींना पाहिल्याची आठवण त्यांनी मनात जपली होती, आणि हा देश सोडणे म्हणजे त्या आठवणीशी प्रतारणा करणे होय, असे त्यांना वाटे. घर विखुरले होते. हाती उरली होती ती चित्रकला आणि तिच्यावरील विश्वास. १९४८ साली रझा काश्मीरला गेले, ते या मनःस्थितीत.

दोऱ्याच्या कारखानदाराचा मुलगा

त्याच सुमारास एक फ्रेंच पाहुणा काश्मीरमध्ये हिंडत होता. त्याचे नाव आन्री कार्तिए-ब्रेसाँ. आज जग त्यांना छायाचित्रकलेतील थोर आचार्य म्हणून ओळखते. परंतु त्यांची घडण अनेक माध्यमांतून झाली होती आणि व्यापारी कुटुंबांनी त्या घडणीकडे लक्ष द्यावे, असे त्यात पुष्कळ आहे.

कार्तिए-ब्रेसाँ यांचा जन्म १९०८ साली पॅरिसजवळच्या एका सधन घराण्यात झाला. या घराण्याचा सुती दोऱ्याचा कारखाना होता आणि फ्रान्समध्ये घरोघरी शिवणाच्या डब्यात कार्तिए-ब्रेसाँ या नावाचा दोरा असे. थोरला मुलगा पेढी सांभाळील, अशी वडिलांची स्वाभाविक अपेक्षा होती. मुलाचे मन मात्र चित्रांत होते. चित्रकार असलेल्या एका काकांनी लहानपणीच त्याला तैलरंगांची ओळख करून दिली होती. ते काका पहिल्या महायुद्धात मारले गेले. पुढे आंद्रे लोत या चित्रकाराच्या हाताखाली त्याने चित्ररचनेचे धडे घेतले. लोत हे भूमितीचे कडक भोक्ते होते. चित्रातील प्रत्येक आकार दुसऱ्या आकाराला कसा तोलून धरतो, हे ते शिकवीत. वडिलांना मुलाची निवड रुचली नाही, तरी घराने त्याचा आधार काढून घेतला नाही आणि त्याच्या शिक्षणाला पैसा कमी पडू दिला नाही.

चित्रकलेकडून हा तरुण छोट्या लायका कॅमेऱ्याकडे वळला. त्यानंतर झाँ रेनुआर या दिग्दर्शकाचा सहायक म्हणून त्याने चित्रपटांचे काम केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याला कैद केले. सुटकेचे दोन प्रयत्न फसले आणि १९४३ साली तिसरा सफल झाला. युद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्या कैद्यांवर त्याने माहितीपट तयार केला. १९४७ मध्ये तीन सहकाऱ्यांसह ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची संस्था स्थापून तो पत्नी रत्ना मोहिनी यांच्यासह भारतात आला. रत्ना मोहिनी या मूळच्या जावा बेटावरील नर्तकी होत्या. ३० जानेवारी १९४८ रोजी कार्तिए-ब्रेसाँ यांनी दिल्लीत गांधीजींची भेट घेतली. त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्या रात्रीची आणि अंत्ययात्रेची त्यांनी घेतलेली छायाचित्रे जगभर पोहोचली.

माध्यम बदलले, तरी लोत यांच्याकडून घेतलेली शिस्त कार्तिए-ब्रेसाँ यांनी सोडली नाही. कॅमेऱ्याच्या चौकटीत दिसते तेवढेच आणि तसेच चित्र ते स्वीकारीत. नंतर कडा कापून रचना दुरुस्त करणे त्यांना मान्य नव्हते. १९४८ सालीच त्यांनी श्रीनगरच्या हरि पर्वतावर घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. डोंगराच्या उतारावर काही मुस्लिम स्त्रिया पाठमोऱ्या आहेत. त्यांतील एकीने दोन्ही हात पुढे पसरले आहेत. पलीकडे दरी आहे आणि दरीपलीकडे डोंगर व ढग आहेत. त्या पसरलेल्या हातांवर जणू दूरचा डोंगर ठेवला आहे, असा भास पाहणाऱ्याला होतो. यातील एकही गोष्ट छायाचित्रकाराने मांडून ठेवलेली नव्हती, परंतु कोठे उभे राहावे आणि नेमक्या कोणत्या क्षणी बटण दाबावे, हे मात्र त्याने ठरवले होते.

श्रीनगरची भेट

अशा या पाहुण्याची आणि रझांची श्रीनगरमध्ये गाठ पडली. रझा तेथे झपाट्याने चित्रे काढीत होते. आदल्या वर्षीच्या टोळीवाल्यांच्या हल्ल्यात बारामुल्ला शहर उद्ध्वस्त झाले होते. त्या पडक्या शहराचे चित्रही त्यांनी त्या वर्षी काढले. कार्तिए-ब्रेसाँ यांनी रझांचे काम पाहिले. त्यांनी जे सांगितले, ते रझा आयुष्यभर मुलाखतींतून आणि आठवणींतून सांगत राहिले. त्याचा आशय असा होता: तुमच्या अंगी गुण आहेत, रंगांची जाण आहे, पण या चित्रांत बांधणी नाही. इमारतीला जसा पाया, भिंती आणि छप्पर लागते, तसेच चित्रही बांधावे लागते. तुम्ही सेझानचा अभ्यास करा.

या शब्दांचे वजन समजण्यासाठी ते कोणापुढे उच्चारले गेले, हे ध्यानात घेतले पाहिजे. ऐकणारा होतकरू नवशिका नव्हता. राजधानीच्या शहरात दोन पदके मिळवलेला, समीक्षकांनी वाखाणलेला तो चित्रकार होता. आईवडील गमावलेला आणि भावंडांपासून तुटलेला तो तरुण होता. ज्या एका गोष्टीवर त्याने आपले सारे आयुष्य तोलून धरले होते, तिच्यातच मूलभूत उणीव आहे, असे एक परका माणूस सांगत होता. शिवाय तो पाहुणा त्या वेळी चित्रकार म्हणून वावरत नव्हता. गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणाऱ्याने चित्रांविषयी काय सांगावे, असे म्हणून ते बोलणे झटकून टाकणे सहज शक्य होते.

रझांनी ते झटकले नाही. दोन्ही माध्यमांतून गेलेल्या त्या माणसाला चित्राच्या वरवरच्या सौंदर्याखालील सांगाडा दिसतो, हे त्यांनी ओळखले. नुसता चित्रकार कदाचित रंगांच्या मोहिनीत अडकला असता. कार्तिए-ब्रेसाँ यांची छायाचित्रे काळी-पांढरी होती, रंगाचा आधार त्यांना नव्हताच. रेषा, आकार आणि त्यांचा तोल एवढ्यावरच त्यांचे काम उभे होते. म्हणून रझांच्या चित्रांतील रंग बाजूला सारून उरते काय, हे त्यांना चटकन दिसले असावे.

टोपीविक्रेत्याचा मुलगा आणि त्याची सफरचंदे

ज्या पॉल सेझानचा अभ्यास करण्यास सांगितले गेले, तोही व्यापारी घरातलाच. दक्षिण फ्रान्समधील एक्स या गावी त्याचे वडील टोप्यांचा धंदा करीत. पुढे त्यांनी भागीदारीत पेढी काढली. मुलाने वकील व्हावे, ही त्यांची इच्छा. मुलगा काही काळ कायदा शिकला, वडिलांच्या पेढीतही बसला, परंतु अखेरीस त्याने ब्रश हाती घेतला. वडील नाराज होते, तरी ते त्याला खर्चासाठी पैसे देत राहिले. सेझानने एकच डोंगर आणि साधी सफरचंदे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा रंगवली. रंगाचा एक ठसा शेजारच्या ठशाला चिकटवीत, वीट रचावी तशी तो चित्रे उभी करीत असे. १९०६ साली तो वारला आणि त्यानंतरच्या पिढीने आधुनिक चित्रकलेचा पाया त्याच्याकडे शोधला.

सेझानची मूळ चित्रे पाहायची, तर फ्रान्सला जाणे भाग होते. रझा मुंबईला परतले आणि आलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच भाषा शिकू लागले. त्यांनी फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० साली पॅरिस गाठले. १९५३ पर्यंत त्यांनी तेथील एकोल दे बोझार या कला विद्यालयात अध्ययन केले. पदके मिळवलेला चित्रकार पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला होता.

चित्रांतील बदल लवकरच दिसू लागला. १९५१ मधील ‘ओ द कान्य’ या चित्रात मुंबईच्या जलरंगांतील वाहते, विरघळते रंग उरलेले नाहीत. ओसाड भूमीवर घरे एकमेकांना खेटून, काटेकोर चौकोनांत रचलेली आहेत. ज्या तरुणाने दोन-तीन वर्षांपूर्वी पडक्या घरांचे शहर रंगवले होते, तो आता भिंतीवर भिंत ठेवून शहर बांधत होता. १९५६ साली पॅरिसच्या समीक्षकांचा ‘प्री द ला क्रितीक’ हा सन्मान रझांना मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो प्रथमच दिला गेला होता.

ठिपक्याकडे परत

बांधणी हाती आली, तरी ती कशासाठी वापरायची, हा प्रश्न उरतोच. फ्रान्समध्ये नावलौकिक मिळाल्यावर रझांना हा प्रश्न अस्वस्थ करू लागला. आपल्या चित्रांत आपला देश कोठे आहे, असे ते स्वतःला विचारू लागले. भारताच्या फेऱ्या वाढल्या. त्यांनी अजिंठा, वेरूळ, काशी, राजस्थान, गुजरात पाहिले. आणि मंडल्याच्या शाळेतील भिंतीवरचा तो ठिपका त्यांना पुन्हा दिसू लागला. साधारण १९८० च्या सुमारास त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी काळा, घनगर्द बिंदू आला. त्याभोवती त्रिकोण, चौकोन आणि पट्टे, आणि त्यांत जंगलातील बाजाराच्या दिवसाचे तांबडे, पिवळे, निळे रंग. काळोखाची भीती आणि उजेडाचा आनंद या दोहोंना आता भक्कम घर मिळाले होते. झारिया गुरुजींनी केंद्र दिले आणि श्रीनगरच्या पाहुण्याने त्याभोवती भिंती कशा उभाराव्यात, त्याची वाट दाखवली.

रझांच्या १९८३ मधील ‘सौराष्ट्र’ या चित्राला २०१० साली लंडनच्या लिलावात १६ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. बाजारभाव हे कलेचे माप नव्हे, हे खरे; पण आपल्या कमाईचे त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. २००१ साली त्यांनी रझा फाउंडेशनची स्थापना केली. चित्रकला, काव्य, संगीत, नृत्य अशा विविध क्षेत्रांतील तरुणांना ही संस्था साहाय्य करते. एका पाहुण्याने दिलेले ऋण त्यांनी पुढच्या पिढीच्या खात्यावर असे जमा केले.

पालकांनी काय घ्यावे?

आज चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, गडचिरोली, देसाईगंज, अहेरी येथील शाळांतून शेकडो मुले-मुली शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसतात. दहावीला काही वाढीव गुण मिळतात, एवढ्यापुरतेच या परीक्षांकडे पाहण्याची घरोघरी सवय झाली आहे. त्यांतील एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती खरोखरच गुण असेल, तर तो ओळखण्याची जबाबदारी कोणाची?

व्यापाऱ्याला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. माल उत्तम आहे, असे प्रत्येक वेळी म्हणणारा गिऱ्हाईक दुकान वाढवीत नाही. मालात नेमके काय कमी आहे, ते सांगून पुन्हा दुकानात येणारा गिऱ्हाईक दुकान वाढवतो. मुलांच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटतो. नातेवाइकांच्या मेळाव्यात मुलांची चित्रे टाळ्या मिळवतात आणि मुलांना टाळ्यांचीच सवय लागते. जाणकाराने दोष दाखवला, की मुलापेक्षा पालकच अधिक दुखावतात. रझांना सुवर्णपदकही मिळाले होते आणि दोषही दाखवला गेला होता. पुढील साठ वर्षे त्यांना पुरले ते दोष दाखवणारे बोलणे.

दोष सांगणाऱ्यानेही कार्तिए-ब्रेसाँ यांच्या बोलण्याची रीत ध्यानात घ्यावी. त्यांनी आधी गुण मान्य केला. मग उणीव एका शब्दात नेमकी सांगितली. आणि ती भरून काढण्यासाठी कोणाकडे जावे, हेही सांगितले. नुसते नाव ठेवणे आणि वाट दाखवणे यांत हे अंतर आहे. माध्यम बदलण्याचे भयही पालकांनी बाळगू नये. चित्रकलेकडून कॅमेऱ्याकडे आणि कॅमेऱ्याकडून चित्रपटाकडे गेलेल्या कार्तिए-ब्रेसाँ यांनी साठी ओलांडल्यावर कॅमेरा बहुतांशी बाजूला ठेवला आणि ते पुन्हा रेखाटने करू लागले. मुलाने आज चित्र, उद्या माती आणि परवा कॅमेरा हाती घेतला, तर त्याचे मन चंचल आहे, असे लगेच ठरवू नये. हाताखालची शिस्त एक आहे ना, एवढे पाहावे.

दोऱ्याचा कारखानदार आणि टोपीविक्रेता हे दोघे पिते मुलांच्या निवडीवर प्रसन्न नव्हते. तरीही त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्यांचा तो खर्च कोणत्याही चोपडीत नफा म्हणून नोंदला गेला नसेल. पण टोपीविक्रेत्याच्या मुलाने चित्रे बांधली, दोऱ्याच्या कारखानदाराच्या मुलाने ती पाहून आपली दृष्टी घडवली, आणि मध्य प्रांताच्या जंगलातील डेप्युटी रेंजरच्या मुलापर्यंत ती दृष्टी श्रीनगरात पोहोचली.

साठ वर्षांच्या परदेशवासानंतर २०१० च्या अखेरीस रझा कायमचे भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा दफनविधी मंडला येथे, वडिलांच्या कबरीशेजारी झाला.